सिंकमधलं तीन इंच पाणी

६ जानेवारी १९५९, मंगळवार

ठरलं! खालच्या खोलीत सिंक बसवायचं. उभ्याने धुणं धुता येईल असं. रत्नाकरला विचारलं नाही. विचारलं असतं तर म्हणाला असता, "बाबा, तुम्ही आता स्वस्थ बसा ना." तीन वर्षं स्वस्थच बसलोय की! हुबळीला म्युनिसिपालिटीत तीस वर्षं ड्रेनेजचा ओव्हरसियर होतो, पण इतका कधी दमलो नव्हतो.

कारण गुंडूची दुपटी. नातू अकरा महिन्यांचा, आणि दिवसाला दुपटी किती ते मोजायचं मी सोडून दिलंय. प्रतिमा ती सगळी परसात विहिरीजवळच्या दगडावर वाकून धुते. बाळंतपणापासून तिची कंबर धरते. काल धुणं झाल्यावर दगडाला हात टेकून कितीतरी वेळ तशीच उभी होती. मी खिडकीतून पाहत होतो. चेहरा काही नीट दिसला नाही, पण उभी होती एवढं दिसलं. विचारलं, "काय झालं गं?" तर म्हणे, "काही नाही मामंजी, मुंगी चावली."

मुंगी! सुना सासऱ्याला काय वाटेल ते सांगतात आणि सासऱ्याने ते खरं मानायचं असतं.

८ जानेवारी, गुरुवार

प्रतिमाचं माप घेतलं. तिला भिंतीशी उभं केलं आणि म्हटलं, दुपटं चोळतेयस असे हात कर. हसायलाच लागली. "मामंजी, नाटकात काम करतेय असं वाटतंय!" पण केले. सिंकचा काठ जमिनीपासून दोन फूट दहा इंच. एक इंचही वर नको, नाहीतर खांदे दुखतील.

शेजारच्या तानूबाई कुंपणावरून बघत होत्या. "अय्यो, उभ्यानं धुणं? मग बसून काय करणार हो तुमची सून?" मी म्हटलं, "बसून तुमच्याशी गप्पा मारील."  

कल्लाप्पाला कार्ड टाकलं. कल्लाप्पा म्हणजे माझा हुबळीचा गवंडी. मूळचा बेळगावकडचा, मराठी-कन्नड दोन्ही सारखंच बोलतो. हल्ली आनेकलला मुलीकडे असतो. दुसऱ्या कुणाला मी माझ्या पाइपाला हात लावू देणार नाही.

११ जानेवारी, रविवार

कल्लाप्पा पहिल्या बसने हजर! दारातूनच, "काय अण्णा, बरं हाय न्हवं?" मी त्याच्या पाठीत एक रट्टा घातला. दोघंही म्हातारे दिसतो, असं तो म्हणाला. तू दिसतोस, मी म्हटलं.

मग कामाला लागलो. आमच्या मल्लेश्वरममधल्या या प्लॉटला उतार फार. रस्ता वर, परस खाली. त्यामुळे खालची खोली परसापेक्षाही काही पायऱ्या खाली, जवळजवळ जमिनीत गेलेली, आणि घराच्या मैलापाण्याची लाइन त्या खोलीच्या भिंतीबाहेरून जाते ती खोलीच्या जमिनीपेक्षा दोन-अडीच फूट वरून. म्हणजे सिंकचं पाणी जायचं तोंड त्या लाइनच्या वर हवं. पाण्याला एकच अक्कल आहे, खाली जायची. तोंड लाइनच्या खाली राहिलं की संपलंच.

माझी जुनी लेव्हलची दुर्बीण काढली. खात्याने मोडीत काढली तेव्हा मीच घरी आणली होती. कल्लाप्पाने लाइनच्या चेंबरमध्ये खुणांची पट्टी उभी धरली, मी दुर्बिणीतून आकडा वाचला. आकडा मोठा म्हणजे जागा खोल, एवढं साधं शास्त्र. चार पॉइंट आठ फूट. छान खोल आहे लाइन! प्रतिमाच्या मापाचं सिंक ठेवूनसुद्धा तीन इंच उतार मिळतो. मी खूश.

कल्लाप्पा आपली रबरी नळी घेऊन उगाच खुडबुडत होता. गवंड्यांची ती पद्धत — नळीत पाणी भरायचं, दोन्ही टोकांना पाणी एका पातळीत राहतं. म्हणाला, "अण्णा, आनि एक डाव बघता काय?"

"तीस वर्षांत मी कधी दोनदा बघितलंय?"

"न्हाई."

"मग?"

"सरी." कन्नडमधलं 'बरं'.

१२ जानेवारी

आज हवा धुरकट. दिव्याभोवती रंगीत कडं दिसतं. बल्ब बदलायला सांगितलं पाहिजे.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. आमचे तिळगूळ झाले, वर शेजारून एळ्ळु-बेल्ल, म्हणजे इकडचा तिळगूळ, आणि उसाची कांडकी आली. गुंडूला बोरन्हाण घातलं. मांडीवर माझ्याच बसला होता, आणि माझंही धोतर भिजवलं. त्यामुळे धुण्यात आणखी एकाची भर.

परसात सिमेंटचं सिंक ओतून झालं. कल्लाप्पाने कडा अशा घोटल्या की हात फिरवत राहावंसं वाटतं. प्रतिमा दिवसातून दोनदा जाऊन त्यावर पाणी शिंपडते. सिमेंट पाणी पितं हे तिला फार आवडलंय.

२० जानेवारी, मंगळवार

विटांचे दोन पाय उभे राहिले, त्यावर सिंक चढलं. भिंतीला भोक पाडलं, पाइप लाइनला जोडला. रत्नाकर कारखान्याच्या बसमधून उतरला तो थेट खाली. सगळीकडे हात लावून बघत होता. विमानांची यंत्रं करतो, पण बापाच्या कामात त्याला खोड काढता आली नाही. "बाबा, फिनिश फर्स्ट क्लास!" मला वाटतं, गेल्या तीन वर्षांत तो मला पहिल्यांदाच काही म्हणाला जे 'गोळी घेतली का' नव्हतं.

२५ जानेवारी, रविवार

आज मुहूर्त. प्रतिमाने सिंकला हळदीकुंकू लावलं. पहिलं दुपटं धुतलं. पाठ ताठ, हात बरोबर मापात! मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. मग तिने बूच काढलं.

पाणी थोडं गेलं. आणि थांबलं. तीन इंच पाणी सिंकमध्ये तसंच.

"तुंबलं असेल," मी म्हटलं. बांबूची कामटी घातली. काही नाही. तेवढ्यात वर रत्नाकर आंघोळीला बसला. आणि सिंकमधलं पाणी चढायला लागलं! साबणाचा फेस आला, मागोमाग स्वयंपाकघराच्या मोरीतली भाताची शितं आली आणि गुंडूच्या दुपट्यांवर तरंगायला लागली. प्रतिमाला हसू येत होतं, पण माझ्याकडे बघून तिने दाबलं. तेच जास्त लागलं.

२६ जानेवारी, सोमवार

सुट्टी. सगळे घरात. तानूबाईसुद्धा बघायला आल्या होत्या.

कल्लाप्पाला मी बोललो. फार बोललो. उलट्या उताराने पाइप घातलास, म्हातारा झालास, हात गेला तुझा, असं सगळ्यांदेखत. आकडा मी दिला होता आणि माझा आकडा चुकत नाही, म्हणजे चूक त्याचीच!  मला वाटत होतं, त्याने भांडावं. भांडला नाही. खांद्यावरचा टॉवेल काढून त्यात थापी गुंडाळली, "सरी अण्णा," म्हणाला आणि गेला. प्रतिमा मागून "कल्लाप्पा, जेवून जा," म्हणत होती.

बरोबरच केलं मी. काम चुकलं की बोलावंच लागतं.

२८ जानेवारी

जेवण गेलं नाही.

१ फेब्रुवारी, रविवार

रत्नाकरने मोठ्या कागदावर पंपाचं ड्रॉइंग काढलं. सिंकखाली टाकी, टाकीत तरंगता गोळा, गोळा वर आला की पंप सुरू, पाणी पाइपने वर आणि लाइनमध्ये. पोराने सुरेख काढलंय. पण पाइप जातो कुठून? देवघराच्या भिंतीमागून! म्हटलं, "दुपट्यांचं पाणी देवाच्या पाठीवरून चढवणार का रे?" मी काही फार सोवळ्यातला नाही. पण करंट गेला की टाकी भरून वाहणार, हे ओव्हरसियर म्हणूनही पटत नाही. खूप वाद झाला. बाप-लेक दोघंही मजेत होतो, खरं सांगायचं तर. शेवटी प्रतिमा म्हणाली, "मला सिंक आहे तसंच चालेल. उभ्याने धुता येतं, ते काय कमी आहे?"

४ फेब्रुवारी, बुधवार

आज कळलं 'आहे तसंच' म्हणजे काय ते. दुपारी खाली गेलो, तर प्रतिमा सिंकमधलं पाणी तांब्याने बादलीत उपसत होती. मग बादली उचलून पायऱ्या चढून परसात ओतायची. अशा सहा बादल्या! पूर्वी नुसतं वाकायची, आता वाकते, उचलते आणि चढते. पोरीची कंबर वाचवायला निघालो होतो मी. मला बघून म्हणाली, "व्यायाम होतो, मामंजी."

एक बादली मी उचलली. तिसऱ्या पायरीवर पाय चुकला. पायरी दिसलीच नाही. पडलो नाही, पण पाणी सगळं तिच्या अंगावर. दोघंही ओलेचिंब उभे. ती हसली. मी हसलो नाही.

७ फेब्रुवारी, शनिवार

रत्नाकर कामावर. गुंडू झोपला होता. प्रतिमाला म्हटलं, चल, तुला लेव्हल लावायला शिकवतो. तिला खरंच आनंद झाला, पदर खोचून आली. चेंबरमध्ये पट्टी दोरीने बांधून उभी केली, तिला दुर्बिणीला डोळा लावायला सांगितलं. आत सगळं उलटं दिसतं, घाबरू नकोस म्हटलं.

"दिसलं! चार आणि वर तीन. चार पॉइंट तीन."

नीट बघ, म्हटलं. आठ असेल. तिने परत बघितलं. "तीनच आहे, मामंजी. स्वच्छ दिसतंय."

मग मी डोळा लावला. मला आठ दिसला. उजवा लावला, आठ. डावा लावला, तर आकडाच नाही, नुसता धूर. डोळे पुसले. चष्मा पुसला. काच पुसली. आठ! मी तिला म्हटलं, "शाबास, बरोबर वाचलंस," आणि दुर्बीण पेटीत घातली. पेटीची कडी लागत नव्हती, ती तिने लावली.

कल्लाप्पाने पाइप माझ्या आकड्याप्रमाणेच घातला होता. लाइनच मुळी सहा इंच वर आहे. मी सिंक लाइनच्या वर बसवलं असं समजत होतो, ते तीन इंच खाली बसलं.

८ फेब्रुवारी

तीन. आठ नव्हे. कल्लाप्पाला काय काय बोललो मी!

९ फेब्रुवारी, सोमवार

कुणाला सांगायचं नाही. सांगितलं की झालं! उद्यापासून फिरायला एकटे जाऊ नका, विहिरीकडे जाऊ नका, गुंडूला उचलू नका. तेवढंच राहिलंय मला, गुंडूला उचलणं. खुर्चीत बसवून ठेवतील आणि चहा आणून देतील. फार प्रेमाने देतील, तीच तर भीती आहे.

पण कल्लाप्पाचं काय? त्याला वाटत असेल, आपला हात गेला. त्याच्या हाताला मी नाव ठेवलं. हे काही कुठल्या चेंबरमध्ये टाकून झाकण लावता येणार नाही.

१० फेब्रुवारी, मंगळवार

घरी सांगितलं, मार्केटला जातो. गेलो कलासिपाळ्यम स्टँडवर. बसच्या पाट्या सगळ्या धुरात. एका फुलवालीला विचारलं, आनेकलची कुठली? ती कन्नडमध्ये म्हणाली, वाचता येत नाही का, अज्जा? मी म्हटलं, "इल्ला." नाही येत. पहिल्यांदाच कुणाजवळ तरी खरं बोललो. तिने टोपली सोडून मला हाताला धरून बसमध्ये बसवलं.

कल्लाप्पा मुलीच्या अंगणात भिंत लिंपत होता. मला बघून थापी खाली ठेवली. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं — तीन, आठ, धूर, सगळं. माफ कर म्हणालो. मराठीत जमेना, म्हणून कन्नडमध्ये म्हणालो. त्याचे हात धरले, तर सिमेंटने माझेही भरले.

तो म्हणाला, "अण्णा, पैल्या दिशीच माझ्या नळीनं सांगितलं हुतं, सहा इंचाचा फरक हाय म्हनून. मला वाटलं नळीत हवा शिरली. तीन डाव रिकामी करून भरली. मग म्हटलं, नळी चुकंल, अण्णा न्हाई चुकायचं. घातला पाइप."

"अरे, पण मी एवढा बोललो तेव्हा तरी सांगायचंस!"

"तवा उमगलं की. पन सूनबाईंच्या म्होरं कसं सांगू, अण्णांना दिसंना झालंय म्हनून?"

मी कट्ट्यावर बसलो. त्याची मुलगी यल्लव्वा नाचणीचे मुद्दे आणि सारू घेऊन आली. आम्ही दोघं एकाच ताटात जेवलो. मी रडत होतो, तिला वाटलं सारू तिखट झालं. आणखी तूप वाढलं बिचारीने.

येतो म्हणाला. पण अट घातली: सिंक नीट झालं की त्याच दिवशी रत्नाकरला सांगायचं, आणि डोळे दाखवायचे. "न्हाईतर मी हाय आनेकलात, तुमी हाय तिकडं." कबूल केलं.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

कल्लाप्पा आला. इलाज किती सोपा! सिंक चार जणांनी उचललं, खाली विटांचे आणखी दोन थर — बरोबर सहा इंच. भिंतीतलं भोक सहा इंच वर. सिंक उंच झालं म्हणून प्रतिमाला उभं राहायला सहा इंचांचा दगडी ओटा. मापं सगळी कल्लाप्पाच्या नळीने. नळीचं दुसरं टोक मी धरलं. आकडे वाचायचे नसतात तिथे, बोटाला पाणी लागलं की "हां" म्हणायचं. तेवढं जमतं मला.

तानूबाई विचारत होत्या, याला हाकललं होतंत ना? मी म्हटलं, "चूक माझी होती. आकडा मी चुकीचा दिला."  

१५ फेब्रुवारी, रविवार

गेलं! सगळं पाणी गेलं! बूच काढल्यावर गुडगुड गुडगुड आणि शेवटी एक मोठा ढेकर. गुंडू टाळ्या पिटायला लागला. प्रतिमा ओट्यावर उभी, पाठ सरळ, आणि मला म्हणाली, "मामंजी, मी किती उंच झाले बघा." कल्लाप्पाने तिच्याकडून मागून सिंकला पुन्हा कुंकू लावलं. रत्नाकर मुद्दाम वर जाऊन दोन बादल्या ओतून आला. एक शीतसुद्धा खाली आलं नाही.

जेवताना सांगितलं. रत्नाकरचा घास हातातच राहिला.  नंतर माशाचा काटा काढतात तसा माझ्या पानातल्या शेवग्याच्या शेंगेचा चोथा बाजूला काढायला लागला. लहानपणी मी त्याला काढून द्यायचो. मी ओरडलो, "अरे, शेंग दिसते मला!" मग सगळेच हसलो, पण त्याचे डोळे भरले होते. एवढं मला दिसलं.

मला वाटलं होतं तसं कुणी केलं नाही. जेवण झाल्यावर प्रतिमाने गुंडूला आणून नेहमीसारखं माझ्या मांडीवर आदळलं आणि भांडी घासायला गेली.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

डॉक्टरांना दाखवलं. मोतीबिंदू. "डावा पिकलाय, काढून टाकू. आत थोडा दाब आहे, पण बघू." तरुण आहे, हात गरम आहेत. कल्लाप्पासारखा कमी बोलतो, म्हणून आवडला.

आता चष्मा मिळेल जाड, पण आकडे दिसतील. पहिल्यांदा तीन आणि आठ शेजारी शेजारी लिहून बघणार आहे.

२ मार्च, सोमवार

उद्या इस्पितळात. वही बरोबर नेतोय. अक्षर फार मोठं व्हायला लागलंय — पानावर सहाच ओळी बसतात. परत आलो की बारीक लिहीन. प्रतिमा वहीची पानं वाया जातात म्हणून काही बोलली नाही अजून, पण मनात असेलच.

कल्लाप्पा येऊन बसलाय. मला भीती वाटत नाही, असं त्याला सांगितलं. वाटतेय.

९ मार्च, सोमवार. इस्पितळ.

अक्षर माझं नाही हे उघडच आहे. सांगतो मी, लिहिते प्रतिमा. दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. मढ्यालासुद्धा यापेक्षा जास्त हलवतात! (हे लिहायला ती तयार नव्हती.) मागची पानं वाचायची नाहीत, असं बजावलंय. परवा पट्टी सुटेल. सुटल्यावर पहिल्यांदा काय बघायचं ते मी बदललं आहे. आकडे नाही. काय ते इथे सांगत नाही, लिहिणारी लाजेल. बस्स. आता वाचून दाखव.

मामंजींना इथपर्यंत वाचून दाखवलं. हे खालचं माझं. डॉक्टरांनी सकाळी मला एकटीला व्हरांड्यात बोलावलं. ऑपरेशन केलेल्या डोळ्यात रक्त उतरलं, तो डोळा गेला. दुसऱ्यात आहे ती नजरही त्या दाबामुळे फार तर वर्षभर. यांना कारखान्यात निरोप पाठवलाय. मामंजींना कोणी सांगितलेलं नाही. ते विचारताहेत, "एवढं काय लिहितेयस अजून?" मी म्हटलं, तारीख राहिली होती.